मोठ्या भाऊजींचं लोढणं

आमचे मोठे भाऊजी कोणतीही वस्तू उचलायच्या आधी तिचं वजन करतात.

त्यांच्या लेंग्याच्या नाडीला आकड्याचा काटा लटकवलेला असतो, मासळीवाल्या ज्याला पिशवी अडकवून वजन करतात तसा. पाण्याची कळशी असो, चहाची किटली असो, आधी आकड्याला लागते. काटा पाचाच्या आत राहिला तर भाऊजी वस्तू उचलतात. पाचाच्या पुढे गेला की हात मागे बांधून उभे राहतात आणि म्हणतात, "आपल्या बसची बात न्हाय." मग पाच किलो शंभर ग्रॅमचा फणस का असेना, तो तिथेच पडून राहतो.

भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. आमची दोन घरं एकाच पडवीवर. मागे नारळ-सुपारीची वाडी, वाडीपलीकडे केवड्याचं बन, मग समुद्र. माझा नवरा जेट्टीवर कामाला, तो पहाटेच जातो. माझी थोरली जाऊ वारून सहा वर्षं झाली. आता पलीकडच्या घरात भाऊजी आणि त्यांची थोरली बहीण अक्का, आणि अलीकडे आम्ही.

दोन वर्षांपूर्वी भाऊजींचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. अलिबागच्या डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं, पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. डॉक्टर हे सगळ्यांनाच सांगत असतील. बाकीचे पेशंट मान हलवतात आणि घरी येऊन गॅसचा सिलेंडर उचलतात. भाऊजी घरी येताना बाजारातून काटा घेऊन आले.

शेजारच्या बारशाला बाळ त्यांच्या हातात द्यायला गेले, तर त्यांनी काटा काढला. बाळाची आई रडायचीच बाकी राहिली. शेवटी बाळाला दुपट्यासकट झोळीत घालून वजन झालं, साडेतीन भरलं. भाऊजींनी बाळ घेतलं आणि मग अर्धा तास खाली ठेवलं नाही. गणपतीत तर मूर्ती ठरवायला गेले आणि मूर्तिकाराला विचारलं, "वजन काय?" मूर्तिकार म्हणाला, "देवाचं वजन कोणी विचारतं का?" भाऊजी म्हणाले, "देवाचं न्हाय विचारत. मातीचं विचारतो." यंदा आमचा गणपती चार किलो आठशे ग्रॅमचा होता. उरलेले दोनशे ग्रॅम पाटासाठी ठेवले होते. पाट दोन किलोचा निघाला, म्हणून तो मी नेला.

हे सगळं हसण्यावारी जातं, पण ऑपरेशनच्या आधी हेच भाऊजी गावातले उचलणारे होते. होडी वाळूवर घ्यायची असो, लग्नातलं भाताचं टोप चुलीवरून उतरवायचं असो, विहिरीतला पंप काढायचा असो, हाक त्यांनाच. चार माणसं कसं उचलावं याची चर्चा करत असायची, तोवर भाऊजी उचलून मोकळे व्हायचे. "उचललं का झालं," एवढंच म्हणायचे.

आता वाडीला खत कसं घालायचं, हा प्रश्न होता. दरवर्षी पाऊस सरला की माडांच्या बुंध्याभोवती आळी करून त्यात शेणखत घालावं लागतं. एकेका माडाला पाच-सहा पाट्या खत. पूर्वी त्यासाठी माणसं मिळायची. आता सगळी माणसं बंगल्यांच्या बागांत पगारावर. तिथे गवताला पाणी घालायचं आणि मालक शनिवारी आले की नमस्कार करायचा. त्यांनी शेणाच्या पाट्या का उचलाव्यात? मागच्या साली आमच्या माडांना खत पडलंच नाही.

भाऊजींचा मुलगा निलेश खारघरला असतो, ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करतो. महिन्यातून एकदा यायचा. गाडी बंद करायचा नाही. बूट न काढता पडवीच्या पायरीवर एक पाय ठेवून बाबा बरे आहात ना, गोळ्या आहेत ना, एवढं विचारायचा, औषधांची पिशवी ठेवायचा आणि वळायचा. वाईट मुलगा नाही. त्याला घाई असते, एवढंच.

त्यानेच विकायचा विषय काढला. तुम्हाला उचलवत नाही, माणसं मिळत नाहीत, झाडं उपाशी आहेत, मग वाडी ठेवून करायचं काय? तुम्ही आणि आत्या माझ्याकडे या. एक पार्टी दोनदा येऊन वाडी बघूनही गेली. त्यांना मधोमध पोहायचा तलाव करायचा होता. अक्का म्हणाल्या, "समुद्र शंभर पावलांवर हाय नि हे तलाव खणणार. समुद्रात काय काटे हायत?"

दुसऱ्या दिवशी भाऊजी वाडीत पडून असलेल्या गवत कापायच्या ट्रॅक्टरकडे गेले.

हा ट्रॅक्टर म्हणजे खेळण्यातला म्हणावा इतका छोटा. पुढच्या गल्लीतल्या बंगलेवाल्याने गवत कापायला आणला होता. बंगला विकताना तो भाऊजींना देऊन गेला, कारण एकदा त्याची गाडी गटारातून भाऊजींनी वर काढली होती. सुपारीच्या दोन रांगांमधून मोठा ट्रॅक्टर जात नाही, हा जातो. भाऊजी त्याच्यासमोर स्टुलावर बसून दोन दिवस नुसतं बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ह्याला हात लावू."

मला वाटलं, दुरुस्तीला हात लावणार. तसं नव्हतं. त्यांना ट्रॅक्टरला खरोखरचे दोन हात लावायचे होते. पुढे दोन लोखंडी हात, हातांच्या टोकाला मोठं सूप, आणि ते सूप तेलाच्या दाबाने वर-खाली होणार. जेसीबीला असतं तसंच, फक्त वाडीत मावेल एवढं. याला लोडर म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. अक्कांनी पहिल्या दिवसापासून त्याचं नाव लोढणं ठेवलं. द्वाड गुराच्या गळ्यात ओंडका बांधतात, ते लोढणं. भाऊजी दर वेळी सुधारायचे, "लोडर, अक्का." अक्का म्हणायच्या, "तेच ते. कोणाच्या गळ्यात पडतंय ते बघायचं."

भाऊजींना यंत्राची माहिती नव्हती असं नाही. पंचवीस वर्षं त्यांनी लाँचच्या इंजिनांची कामं केली. भंगारातून टेम्पोचा स्टिअरिंगचा पंप आणला, कुठल्याशा मोडक्या यंत्राचे, तेलाच्या दाबाने लांब होणारे दोन छोटे जॅक आणले, जुन्या फाटकाच्या लोखंडी चॅनेलचे हात केले आणि लोखंडी पिंप उभं अर्धं कापून त्याचं सूप केलं. यंत्र कसं चालतं ते विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही सांगायचे. "तेल दाबून लहान होत न्हाय. दाबलं का ते वाट काढणार. जिकडं वाट मिळंल तिकडचं वजन उचलणार." अक्का म्हणायच्या, "म्हणजे आपल्या निलेशसारखं. दाबून बसवता येत न्हाय."

अडचण वेगळीच होती. लोडर वजन उचलणार हे खरं, पण लोडर कोण उचलणार? भाऊजींचा नियम लोडरलाही लागू होता. प्रत्येक तुकडा आकड्याला लागायचा. हात अकरा किलो भरला, तेव्हा त्यांनी त्याचे तीन तुकडे केले, बोल्ट मारून जोडायचे ठरवले. मला चौथीपर्यंतचं गणित येतं, म्हणून वजनांची बेरीज माझ्याकडे होती. मोठ्या दिरांसमोर मी दाराआडूनच बोलते, त्यामुळे ते अंगणातून वजनं ओरडायचे आणि मी आतून बेरीज सांगायची. रस्त्याने जाणाऱ्याला वाटायचं, आमच्याकडे मासळी बाजार भरलाय.

पंप देताना दुकानदाराने सांगितलं होतं की यात अमुक तेल घाला. भाऊजींनी ते तेल हातावर घेतलं, हुंगलं आणि परत केलं. नळी फुटली तर हे तेल माडाच्या मुळात जाईल, माडाला विष होईल, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी आमच्याच वाडीच्या खोबऱ्याचं, घाण्यावरून काढलेलं खोबरेल दहा लिटर टाकीत ओतलं. "झाडाचं तेल झाडाला गेलं तर काय बिघडलं?"

ते काही खोटं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात नळी फुटली आणि माडाला काही झालं नाही. तेल सगळं अक्कांच्या डोक्यावर पडलं. त्या दिवशी अक्कांचे केस जे चमकले, ते त्यांच्या लग्नातही चमकले नसतील.

अक्का तिथे काय करत होत्या, तेही सांगायला हवं. पहिल्या चाचणीत भाऊजींनी सुपात ओलं खत भरलं, सीटवर बसले आणि दांडा ओढला. सूप जमिनीवरच राहिलं. ट्रॅक्टरची मागची चाकं वर गेली, त्यांच्याबरोबर भाऊजीही वर गेले. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ते तसेच बसले होते आणि खाली दाराकडे बघून मला म्हणाले, "धाकटे, मागे वजन कमी पडतंय." मागे धोंडे बांधायचे तर धोंडे पाचाच्या आतले, किती म्हणून बांधणार? तेवढ्यात त्यांचं लक्ष अक्कांकडे गेलं.

अक्का अंगाने भरलेल्या आहेत. त्यांचं वजन किती हे कोणालाच माहीत नाही, कारण त्यांना आकड्याला लावायची कोणाची हिंमत नाही. भाऊजींनी ट्रॅक्टरच्या मागे फळी ठोकली, फळीवर प्लास्टिकची खुर्ची बांधली आणि अक्कांना विनंती केली. अक्कांनी आधी शिव्या घातल्या, मग लुगडं बदलून आल्या. तेव्हापासून लोडर निघाला की अक्का मागे तोंड करून बसतात, मांडीवर सुपारीची थाळी, हातात अडकित्ता. पुढे सूप वर-खाली होतं, मागे अक्का सुपारी कातरत जातात. कुठे गेला होतात विचारलं तर म्हणतात, "मला काय ठावं? मला फक्त कुठून निघालो ते दिसतं."

लोडर चालायला लागला. ऑक्टोबर-नोव्हेंबर छान गेले. वाडीत तळणीसारखा वास सुटायचा, कुत्री मागे मागे फिरायची, आणि सूप खत घेऊन सुरेख वर जायचं. गावातली माणसं बघायला येऊ लागली. भाऊजी कोणाला शिवू द्यायचे नाहीत.

मग डिसेंबर आला. कोंबड्या खत उकरतात म्हणून भाऊजी संध्याकाळीच सूप भरून वर करून ठेवायचे. एका सकाळी सातला दांडा ओढला, तर सूप हलेना. खाली येईना, वर जाईना. पंप कुरकुरत होता. भाऊजींनी नळ्या तपासल्या, जॅक ठोकून बघितले, शेवटी टाकीचं झाकण उघडलं. आत सगळं पांढरंशुभ्र, तुपासारखं थिजलेलं.

आता कोकणातल्या माणसाला हे कळायला नको? थंडीत आमच्या प्रत्येक घरी खोबरेलाची बाटली उन्हात ठेवलेली असते, अंघोळीच्या आधी. माझीही त्या वेळी पडवीच्या कठड्यावरच होती. पण बाटलीत गोठतं ते टाकीतही गोठेल, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. अक्कांनी टाकीत बोट घालून थोडं काढलं आणि टाचांच्या भेगांना लावलं. साडेनऊला अंगणात ऊन आलं आणि सूप आपोआप गुमान खाली आलं.

तेव्हापासून ठरलंच. लोडरचं ऑफिस साडेनऊला उघडतं, असं भाऊजी सांगायचे. सातला उठून अंघोळ, पेज, गोळ्या, मग खुर्ची टाकून उन्हाची वाट बघत बसायचं. साडेनऊच्या आधी दांड्याला हात नाही.

त्याच सुमारास निलेशचा फोन आला. बाप-लेकांचं बोलणं पडवीत झालं, फोनचा आवाजही मोठा, म्हणून मी ऐकलं. निलेशने सरळ सांगितलं. ती पार्टी आता थांबायला तयार नाही. पण तुमच्या यंत्राने एका माडाला खत घातलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, तर विकायचा विषय मी पुन्हा काढणार नाही. रविवारी दहापर्यंत येतो.

भाऊजी म्हणाले, "दहाला नको. सातला ये."

पलीकडून निलेश कुरकुरला, कारण सातला पोचायचं तर साडेचारला निघावं लागतं. भाऊजी म्हणाले, "सातला काम असतं. नंतर ऊन होतं." आणि फोन ठेवला.

सातला तेल दगडासारखं असतं, हे भाऊजी विसरले कसे? मी अक्कांना सांगितलं. अक्का म्हणाल्या, "मला सांगून काय होणार? मी मागे बसणारी बाई. तूच सांग त्याला." दोन दिवस मी दाराशी जाऊन परत आले. शनिवारी संध्याकाळी भाऊजी सूप भरून वर करत होते, तेव्हा दाराआडून कसंबसं म्हटलं, "भाऊजी, उद्या साडेनऊ म्हणायला हवं होतं." त्यांनी माझ्याकडे न बघता नुसता हात हलवला. मला वाटलं, वाडी गेली.

रविवारी पहाटे अंगणात दव पडलं होतं. निलेश सातला पाच कमी असताना आला, अर्ध्या चड्डीत, काकडत. गाडी चालूच ठेवली. आत्या खुर्चीत बसलेल्या बघून त्याला हसू आलं, ते त्याने गिळलं. भाऊजी सीटवर चढले, ट्रॅक्टर चालू केला आणि दांडा ओढला.

काही झालं नाही.

पुन्हा ओढला. पंप कुरकुरला. सूप आकाशात, त्यात काल संध्याकाळचं खत, त्यावर एक कावळा. निलेशने वर सुपाकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "बाबा, राहू दे."

भाऊजी खाली उतरले आणि टाकीचं झाकण उघडून त्याला म्हणाले, "हे बघ."

निलेशने वाकून बघितलं, बोट घातलं, हुंगलं. "हे खोबरेल आहे?"

"घरचं."

मी दाराआडून बघत होते. निलेशचा चेहरा आधी रागावल्यासारखा झाला, मग तो जो हसायला लागला, तो ट्रॅक्टरला धरूनच. मी त्याला असं हसताना तो शाळेत असल्यापासून बघितलं नव्हतं. अक्काही हसल्या, खुर्ची करकरली. भाऊजी तेवढे गंभीर होते.

निलेशने विचारलं, "आता कधी पातळ होणार?"

"ऊन आलं का."

निलेशने घड्याळ बघितलं. गाडीकडे बघितलं. मग जाऊन गाडी बंद केली.

नुसतं बसून राहणं त्याच्या स्वभावात नाही. त्याने माझ्याकडे गरम पाणी मागितलं. मी हंडाभर तापवून दिलं. त्याने अक्कांची जुनी गोधडी जॅकभोवती गुंडाळली आणि तांब्याने पाणी ओतायला लागला. बाळंतिणीला शेक देतात तसा त्याने लोडरला शेक दिला. बूट भिजले म्हणून काढले. मग विचारू लागला, ही नळी कुठे जाते, हा दांडा काय करतो, दाब जास्त झाला तर तेल परत कसं येतं. भाऊजी सांगत होते. एरवी दहा वाक्यांत संपणारं त्यांनी दीड तास सांगितलं. हाताचे तीन तुकडे का केले, हे ऐकल्यावर निलेशने जोडांवरून हात फिरवून बघितला. मग त्याने दोन बोल्ट ढिले आहेत म्हणून पाना मागितला आणि स्वतः आवळले.

मी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी दिली. दोघांनी ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून खाल्ली. निलेशने तिसरी भाकरी मागून घेतली.

ऊन अंगणात आलं. कुरकुर करत सूप थोडंसं खाली आलं, मग नीट, अगदी अलगद. कावळा उडाला. भाऊजींनी लोडर पहिल्या माडाशी नेला आणि खत बरोबर आळ्यात ओतलं, एक ढेकूळ बाहेर पडलं नाही. निलेश म्हणाला, "मला द्या." पुढच्या चार माडांना त्याने घातलं. एकदा अक्का पडता पडता वाचल्या आणि त्यांनी त्याला अशा शिव्या दिल्या की शेजारचे बाहेर आले.

जेवून तो दोनला निघाला. गाडीत बसताना म्हणाला, "त्या पार्टीला नाही म्हणून सांगतो." मग काच खाली करून पुन्हा म्हणाला, "पुढच्या रविवारी येताना चांगलं तेल आणतो. थंडीत न गोठणारं. झाडांना चालतं असंही मिळतं आता."

गाडी वळून दिसेनाशी झाली तरी भाऊजी फाटकाशीच उभे होते. मी कपबशा उचलायला बाहेर आले होते. त्या दिवशी कुठून धीर आला माहीत नाही, पण मी दाराआड न जाता विचारलं, "भाऊजी, सातला तेल गोठलेलं असतं, हे तुम्हाला ठाऊक होतं ना?"

ते रस्त्याकडेच बघत होते.

"साडेनऊला बोलावला असता, धाकटे, तर दहाला गेला असता."

पुढच्या रविवारी निलेशने खरंच तेलाचा डबा आणला. त्याच्या पुढच्याही रविवारी आला. भाऊजी त्याला सांगतात, आधी हे खोबरेल संपू दे, अन्न आहे, ओतून कसं द्यायचं. तो सातला येतो, गोधडी गुंडाळतो, पाणी तापवायला सांगतो.

डबा आमच्या पडवीत कोपऱ्यात आहे. त्याचं सील अजून कोणी तोडलेलं नाही.